चाकाखालचा दगड

मोरवा हें गांव भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुर्धा व राई या गांवांच्या शेजारीं, खाडी आणि मिठागरें यांच्या सान्निध्यांत वसलेलें आहे. आतां तें मीरा-भाईंदर महानगरपालिकेंत मोडतें. तरी जुन्या रहिवाशांच्या तोंडीं अजून ‘गांव’ हाच शब्द येतो, आणि मलाहि तोच आवडतो. शिक्षकाच्या नोकरीनिमित्त मी येथें आलों, तो येथलाच होऊन राहिलों. भूगोलाचें हें प्रास्ताविक करण्याचें कारण असें कीं, पुढें सांगावयाची हकीकत उताराची आहे, आणि ज्या गांवांत उतार म्हणून मुळींच नाहीं अशी माझी तीस वर्षें पक्की समजूत होती, त्याच गांवांत ती घडली.

माझ्या शेजारीं एक वृद्ध आगरी गृहस्थ राहतात. त्यांचा सारा जन्म मिठागरांत गेला. भरतीचें पाणी आंत घ्यावयाचें, एका वाफ्यांतून दुसऱ्यांत फिरवावयाचें, उन्हांत आटूं द्यावयाचें आणि शेवटीं त्यांतून मीठ ओढावयाचें, हा तो व्यवसाय. त्यांत जमिनीचा बोटभर चढउतार ज्याला कळत नाहीं त्याला मीठ मिळत नाहीं. ते मला नेहमीं म्हणत, “गुरुजी, सपाट जमीन फक्त कागदावर असते.” मी हंसून सोडून देत असें. परंतु माझ्या स्वतःच्या अंगणाची अवस्था काय होती ती मीं कधीं पाहिली नव्हती. आमच्या घरासमोरील रस्त्यावर दर कांहीं वर्षांनीं खडी व डांबर यांचा नवा थर चढे. रस्ता वर वर जात राहिला आणि घर बिचारें होतें तेथेंच राहिलें. पावसाचें पाणी अंगणांत उतरूं लागलें तेव्हां मीं तक्रारी केल्या, आणि नंतर कंटाळून रस्त्यापासून ओटीपर्यंत सिमेंटचा कोबा घालून घेतला. म्हणजे उतार झाला तो झालाच, वर तो गुळगुळीतहि झाला.

गेल्या मार्गशीर्षांत, नाताळच्या सुटींत, माझे जावई, मुलगी आणि सहा वर्षांची नात अशीं तिघें पुण्याहून आलीं. जावई व्यवसायानें अभियंते आहेत. त्यांच्या मोटारीमागें एक लहानसें पांढरें घर जोडलेलें होतें. वाचकांपैकीं ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. दोन चाकांवर बसविलेली ही एक खोली असते. आंत निजावयास फळ्या, एक शेगडी, पाण्याची टांकी आणि कपडे ठेवण्याचे कप्पे. तिला स्वतःचें इंजिन नसतें; पुढच्या दांडीच्या टोकाशीं लोखंडी वाटी असते, ती मोटारीच्या मागील गोळ्यावर बसवावयाची आणि खटका लावावयाचा. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. त्यांत स्वतःच्या इंजिनावर चालणारीं फिरतीं घरें येतात, तशींच हीं ओढून न्यावयाचींहि येतात. आम्हां जुन्या माणसांना धर्मशाळा ठाऊक. ही म्हणजे धर्मशाळाच बरोबर घेऊन निघण्याची युक्ति. रात्रभर आमच्याकडे मुक्काम करून दुसरे दिवशीं सर्वांनीं केळव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर जावयाचें, असा बेत होता. मोटार बाजारांत न्यावयाची होती म्हणून तें घर सोडवून अंगणांत ठेवावें, असें ठरलें.

येथें मला साठ वर्षें मागें गेलें पाहिजे.

माझें बालपण खानदेशांत, जळगांवच्या परिसरांत गेलें. आमच्या चुलत्यांकडे एक बैलगाडी होती आणि ती हांकणारा एक म्हातारा गडी होता. त्याला अक्षरओळख नव्हती. परंतु गाडीच्या बाबतींत त्याचा एक नियम वेदवाक्याप्रमाणें अढळ होता. गाडी थांबली कीं पहिल्यानें चाकाला दगड, मग जुवाखालीं टेकू, आणि त्यानंतर बैल सोडावयाचे. हा क्रम त्यानें एकदांहि मोडलेला मला आठवत नाहीं. गाडी थांबतांच खालीं उडी मारून दगड लावण्याचें काम माझ्याकडे असे. एकदां, भूक लागली होती म्हणून असेल, मीं दगड नुसता चाकाजवळ टाकला आणि घराकडे पळालों. त्यानें मला परत बोलाविलें. रागावला नाहीं. दगड आणि चाक यांच्यामध्यें माझीच बोटें घालावयास लाविलीं आणि म्हणाला, “इतकी जागा आहे, म्हणजे दगड नाहींच.” चाकाच्या दगडाला देशावर पुष्कळ ठिकाणीं उटी म्हणतात, हें मला पुढें कळलें. आमच्याकडे तो नुसता दगडच होता.

लांकडाला मात्र आमच्याकडे मानाचें नांव होतें. जळगांवच्या श्रीरामाच्या रथाची परंपरा सद्गुरु अप्पा महाराजांनीं १८७२ सालीं सुरू केली. दरवर्षीं कार्तिक शुद्ध एकादशीस तो प्रचंड रथ गांवांतून निघतो. तो ओढावयास हजारों हात असतात. परंतु त्याला ना सुकाणूं, ना ब्रेक. त्याला थांबवितात आणि वळवितात ते चाकांच्या बाजूनें चालणारे मोजके लोक. त्यांच्या हातांत लांकडाची मोठी पाचर असते, तिला मोगरी म्हणतात. ज्या बाजूस वळावयाचें त्या बाजूच्या चाकाला मोगरी लागली कीं तें चाक अडतें, दुसरें पुढें जातें, आणि रथ वळतो. तमिळ देशांतील देवळांचे रथहि चाकांखालीं अशींच लांकडें घालून आवरतात असें मीं पुढें वाचलें. लहानपणीं वडिलांच्या खांद्यावर बसून मीं तो रथ पाहत असें, तेव्हां सारे लोक वर मूर्तीकडे पाहून हात जोडीत, आणि मी मात्र खालीं त्या मोगरीवाल्यांकडे पाहत राही. हें धार्मिक दृष्ट्या कितपत बरोबर होतें कोण जाणे! परंतु त्या लोकांचे डोळे चाकावरून क्षणभरहि हलत नसत, हें अजून माझ्या नजरेसमोर आहे.

अशा रीतीनें या विषयाचें शिक्षण मला अक्षरें गिरविण्याच्या वयांतच झालेलें होतें. आणि तरीहि त्या सायंकाळीं मी ओटीवर हात मागें बांधून उभा राहिलों.

जावयांनीं मोटार मागें घेत घेत तें घर उतारावरून अंगणांत आणिलें. मोटार वर रस्त्याच्या अंगाला, घर खालीं ओटीच्या अंगाला. ते उतरले, दांडीवरील हातब्रेकचा दांडा त्यांनीं ओढला, पुढचें लहान चाक फिरवून जमिनीस टेकविलें आणि खटक्याशीं वांकले. माझ्या मनांत स्पष्ट आलें कीं चाकाला दगड नाहीं. शब्द ओठांपर्यंत आला होता. परंतु जावई अभियंते; आपण मॅट्रिक झालेले मास्तर. आपल्या घरीं आलेल्या जावयाला, शेजारीपाजारी पाहत असतांना, बैलगाडीचें शास्त्र शिकवावें काय? यंत्राला ब्रेक असतो, बैलगाडीला नव्हता. त्यांचें त्यांना अधिक कळतें, असें मीं स्वतःस समजाविलें. चाळीस वर्षें मुलांच्या वह्यांत अनुस्वार चुकला तरी तांबड्या शाईनें फुली मारणारा मी, त्या क्षणीं सौजन्यानें गप्प बसलों.

खटका उघडला. वाटी गोळ्यावरून वर सुटली आणि तें घर, कोणीतरी हाक मारावी तसें, मागें निघालें. हातब्रेकची तार सैल पडलेली होती हें नंतर कळलें. जावयांनीं दांडी दोन्ही हातांनीं धरली. दोन पावलें ते तिच्याबरोबर ओढले गेले, त्यांचा पाय घसरला आणि दांडी सुटली. खालीं, ओटीच्या पायरीपुढें, नात पाठमोरी बसून रांगोळी काढीत होती.

मीं हांक मारली कीं नुसताच ओरडलों, तें आठवत नाहीं. तुळशीपाशीं एक वीट पडली होती ती उचलून मीं चाकासमोर फेंकली. चाक तिच्यावर चढलें, विटेचा चुरा झाला आणि चाक पुढें गेलें. परंतु त्या धक्क्यानें घराचें तोंड किंचित् फिरलें, आणि त्याचा मागचा कोपरा तुळशीवृंदावनावर जाऊन आदळला. वृंदावनाचा एक कोन ढांसळला, घर थांबलें. रांगोळीची वाटी त्याखालीं चिरडली गेली होती. नात त्या वाटीपासून एक हात दूर उभी होती. तिला लागलें नव्हतें. ती रडलीहि नाहीं; माझी रांगोळी पुसली, एवढेंच ती आपल्या आजीला सांगत होती. आमच्या सौ.नीं तिला उचलून आंत नेलें तें रात्रभर खालीं ठेविलें नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर जावई माझ्याजवळ येऊन बसले. तळहात सोलवटले होते, त्यांना हळद लावलेली होती. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग मींच धीर करून म्हटलें, “जावईबापू, चाकाला दगड लावावयास हवा होता, असें माझ्या मनांत आलें होतें.”

त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. त्या पाहण्यांत राग नव्हता, त्यामुळेंच तें मला अधिक बोंचलें. ते म्हणाले, “नाना, तुम्हांला ठाऊक होतें, तर तुम्ही बोललां कां नाहीं?”

या प्रश्नाला मजपाशीं उत्तर नव्हतें. थोड्या वेळानें तेच म्हणाले, “लांकडी पाचरी विकत घेतल्या होत्या. आंतच, कप्प्यांत आहेत. एवढ्याशा उतारावर काय लागतात, असें मला वाटलें.” म्हणजे एकानें पाचर कप्प्यांत ठेविली होती आणि दुसऱ्यानें मनांत.

दुसरे दिवशीं केळव्यास जाणें झालें नाहीं. सकाळींच शेजारचे वृद्ध गृहस्थ गंवड्यांची पाण्याची नळी घेऊन आले. ती दोन टोकांस धरून आम्हीं अंगण मोजलें. वीस फुटांत एक फूट उतार भरला. ते माझ्याकडे पाहून कांहीं बोलले नाहींत, हा त्यांचा मोठेपणा. पाटीवर हिशेब मांडल्याशिवाय माझ्या मनाचें समाधान होत नाहीं, म्हणून मीं तो मांडला. घराचें वजन सामानासह साडेसातशें किलो. वीसास एक या उतारावर त्याचा विसावा भाग, म्हणजे सुमारें साडेसदतीस किलोंचा जोर, त्याला खालीं ओढीत असतो. चाकांचें घर्षण वजा घातलें तरी बारा-तेरा फूट जाईपर्यंत माणसाच्या झपाझप चालण्याइतका वेग येतो, आणि त्याला चार-पांच सेकंद पुरतात. उभ्या गाडीला अडविणें आणि चालत्या गाडीला अडविणें यांतील भेद येथेंच आहे. चाकाला भिडलेली पांच-सहा इंचांची भक्कम पाचर घराच्या वजनाइतका जोर आला तरी चाकाला चढूं देत नाहीं. परंतु तेंच चाक हातभर घरंगळत आलें कीं वीट फोडून जातें. ‘इतकी जागा आहे म्हणजे दगड नाहींच’ हें त्या निरक्षर गड्याचें वाक्य मीं असें साठ वर्षांनीं गणितानें ताडून पाहिलें.

त्या दिवशीं आम्हीं दोघांनीं मिळून तें घर चार वेळां जोडलें आणि चार वेळां सोडलें. जावयांना यंत्राची नजर होती, मला बैलगाडीची. दोन्ही मिळून जी रीत ठरली ती येथें देतों, कारण अशा सहली आतां अनेक घरांतून निघूं लागल्या आहेत. घर मोटारीला जोडलेलें असतांनाच, खटक्याला हात लावण्यापूर्वीं, दोन्ही चाकांना पुढून व मागून पाचरी लावाव्या. लावणारानें चाकाच्या बाजूस बसावें, उताराच्या खालच्या अंगाला कधींहि नव्हे. आणि त्या वेळीं मोटारींत बसलेल्या माणसानें पाय ब्रेकवरून काढूं नये. पाचरी लागल्या कीं ब्रेक अगदीं हळू सैल करून घराचा भार पाचरींवर येऊं द्यावा. त्या जरा सरकतात, मग आवळून बसतात. हें डोळ्यांनीं पाहिल्यावर हातब्रेक, मग पुढचें चाक, आणि सर्वांत शेवटीं खटका. निघतांना हाच क्रम उलट: आधीं जोडणें, सांखळी अडकविणें, आणि मगच पाचरी काढणें. पाचर चाकाच्या उंचीच्या सुमारें चौथ्या हिश्श्याइतकी उंच असावी. गोल धोंडा नको, तो चाकाबरोबर स्वतःच फिरतो. विटेविषयीं मी अधिक लिहीत नाहीं. गुळगुळीत कोब्यावर पाचरसुद्धां घसरते, म्हणून तिच्या तळाला जुन्या टायरचा रबरी तुकडा ठोकावा. ही सूचना शेजारच्या वृद्धांची.

पुढचें चाक वरखालीं करण्याचा क्षण सर्वांत फसवा असतो, हें जावयांनीं मला दाखविलें. मोटारीला जोडलेलें असेपर्यंत तें घर मोटारीच्या चार चाकांच्या आणि तिच्या ब्रेकच्या जीवावर उभें असतें. वाटी गोळ्यावरून उचलली गेली कीं तो आधार एका क्षणांत जातो, आणि पुढचें चाक तर कोठेंहि वळावयास मोकळें असतें.

या प्रकारानंतर मी जेथें तेथें चाकांखालीं पाहूं लागलों. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्याचा चढ सदतिसांत एक, म्हणजे आमच्या अंगणाहून कितीतरी सौम्य. तरी तेथें सुटलेली गाडी अडविण्यासाठीं चढावर जाणारे वेगळे रूळ बांधावे लागले. आजहि उभे करून ठेविलेले मालडबे हातब्रेकवर सोडून देत नाहींत, सांखळीनें बांधतात आणि चाकांना लांकडी पाचरी लावितात. विमानतळावर एवढालें विमान येऊन उभें राहिलें कीं त्याच्याहि चाकांना ठोकळे लावितात. इतकें कशाला, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमांत, चालक जागेवर नसतांना वाहन आपोआप चालूं लागणार नाहीं अशी तजवीज केल्याशिवाय तें सार्वजनिक जागीं उभें ठेवूं नये, असें सांगितलेलें आहे. भागवताच्या दशम स्कंधांत बाळकृष्णाला एका उभ्या गाड्याखालीं निजविल्याची कथा आहे. शकटासुराची ही कथा मीं वर्गांत अनेकदां सांगितली. त्या गाड्याच्या चाकाला दगड लाविला होता काय, हा विचार मात्र गेल्या मार्गशीर्षापर्यंत माझ्या डोक्यांत कधीं आला नव्हता.

एक तक्रार मात्र करावीशी वाटते. घाटांत मालमोटार बिघडली कीं चालक चाकांना मोठमोठे धोंडे लावितात, तें योग्यच आहे. परंतु गाडी दुरुस्त झाली कीं ते धोंडे तेथेंच टाकून निघून जातात, आणि रात्रीं मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते दिसत नाहींत. आमचा म्हातारा गडी निघतांना दगड उचलून गाडीच्या मागें टाकी; दगड फुकट मिळत नाहींत, असें तो म्हणे. खानदेशांत दगडांना काय तोटा! परंतु त्यानें तो कधीं रस्त्यावर ठेविला नाहीं.

वृंदावनाचा ढांसळलेला कोन गंवड्याकडून बांधून घेतला. नव्या सिमेंटचा रंग वेगळा दिसतो. तो रंगवून घ्या, असें सौ. म्हणतात, मीं अजून घेतला नाहीं.

गुढीपाडव्याला मंडळी पुन्हा आलीं, त्याच घरासह. या खेपेस मीं ओटीवरून उतरून आधींच रस्त्यापर्यंत गेलों. मोटार मागें येऊन थांबली. जावई ब्रेकवर पाय ठेवून आंतच बसून राहिले. मुलीनें कप्प्यांतून चारहि पाचरी काढून माझ्या हातीं दिल्या. गुडघे धरले असल्यामुळें मला खालीं बसावयास वेळ लागतो. नात सौ.च्या कडेवरून, ओटीच्या आंतून, मोठ्यानें मोजीत होती. तिसरी पाचर लावून मीं चाक आणि लांकूड यांच्यामध्यें बोट घालून पाहिलें, बोट गेलें. ती काढून पुन्हा बसविली. “नाना, झालें कां?” असें जावयांनीं विचारलें. मीं म्हटलें, “नाहीं. थांबा. एक राहिली आहे.”